कोचाबांबातले पाच सोमवार

कोचाबांबा, मंगळवार, ३ मे १९८८

सौ. शैला हिस,

मी पोचलो. कुठे पोचलो हे तुला माहीत नसणार, कारण तू फोनवर येत नाहीस, आणि यशोधनकडे निरोप दिला की तो "हो भाऊजी, आय विल टेल हर" म्हणतो आणि सांगत नाही. तुझ्या भावाच्या वॉटफर्डच्या घरी फोन करणं म्हणजे कौन्सिलला तक्रार नोंदवणं. म्हणून हे पत्र.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे आणि त्यात कोचाबांबा नावाचं शहर. इथल्या एका हॉस्पिटलने आमच्या कंपनीचं स्टरिलायझर घेतलंय. ऑपरेशनची हत्यारं वाफेत निर्जंतुक करायचं ते मोठं मशीन, मी तुला एकदा समजावून सांगायला लागलो होतो. ते बसवायला बर्मिंगहॅमहून कुणीतरी जायला हवं होतं. कुणी तयार होईना, मी हात वर केला. पाच आठवड्यांचं काम आहे. तुझ्या सॉलिसिटरचा घटस्फोटाचा फॉर्म बरोबर आणलाय, बॅगेच्या खालच्या कप्प्यात आहे. सही केलेली नाही. आल्यावर बघू.

तीन विमानं बदलून आलो. गाव साडेआठ हजार फुटांवर, दोन जिने चढलो की धाप लागते. विमानतळावर कस्टम्सवाल्याने बॅगेतला साबुदाणा बाहेर काढला. सोमवारची सोय म्हणून स्ट्रॅटफर्ड रोडवरून दोन किलो घेतला होता. त्याने पिशवीला भोक पाडलं, बोट घातलं, आणखी दोघांना बोलावलं. एकाने दाणा जिभेवर ठेवून बघितला. मी सांगत होतो, फास्ट, मंडे, गॉड. त्यांना इंग्रजी येत नाही. अर्धा साबुदाणा टेबलावर, पाव जमिनीवर, उरलेला मला परत.

राहायची सोय दोन्या एमिलियाना नावाच्या विधवा बाईंच्या घरी आहे. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई. साठीच्या असतील, घरात एकट्या, वरची खोली भाड्याने देतात. स्वयंपाकघरात चक्क पाटा-वरवंटा आहे. पाटा आपल्यापेक्षा मोठा आणि वरवंटा अर्धगोल, दोन्ही हातांनी डोलवायचा. त्यावर त्या टोमॅटो आणि मिरची वाटतात, तो ठेचा मात्र झकास.

बाकी सगळा वैताग आहे. काल सोमवार. रविवारी मी वाडगाभर पाण्यात साबुदाणा भिजत घातला आणि सकाळी त्याची खळ झाली होती. पतंगाला कागद चिकटवता आला असता. तू पाणी घालून काढून टाकायचीस आणि झाकून ठेवायचीस, एवढंच मला दिसायचं. नक्की किती पाणी? किती वेळ? हे कळव. पत्ता मागे लिहिलाय.

एवढ्याशा साबुदाण्यावरून घर सोडून गेलेल्या बाईला हे विचारायचं म्हणजे जरा विचित्र आहे, पण मला भूक लागते.

गिरीश


१० मे १९८८

सौ. शैला हिस,

पेटारे आलेले नाहीत. मशीन जहाजातून शेजारच्या देशातल्या बंदरात उतरलंय, तिथून ट्रकने डोंगर चढून येणार. कधी? उद्या. गेल्या मंगळवारीही उद्याच येणार होतं. मी रोज सकाळी टाय लावून हॉस्पिटलात जातो, तिथले इंजिनिअर माझा हात हातात घेतात, कॉफी देतात आणि उद्या म्हणतात.

जायचं कसं ते ऐक. इथे ट्रुफी नावाच्या मोटारी आहेत, ठरलेल्या रस्त्याने फिरणाऱ्या. पाच माणसांच्या गाडीत आठ बसतात. स्टॉप नाही, टाइमटेबल नाही, नंबर काचेवर पुठ्ठ्याला लिहिलेला. उतरायचं असेल तेव्हा ओरडायचं. मला काय ओरडायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या बाजारापर्यंत गेलो. परत येताना दहा जणांना रस्ता विचारला. दहाही जणांनी हसून हात पुढे केला आणि म्हणाले, सरळ. नुसतं सरळ. एकालाही रस्ता माहीत नव्हता! पाहुण्याला "माहीत नाही" म्हणायचं नाही, असा शिष्टाचार असावा. बर्मिंगहॅमच्या बसचा ड्रायव्हर तोंड वर करून बघत नाही, पण निदान खोटं तरी सांगत नाही.

दुपारी बारा ते अडीच सगळं गाव कुलूप लावून जेवायला घरी जातं. बँकसुद्धा. तोवर बाहेरच्या माणसाने पार्कात बसायचं.

कालचा सोमवार. उरलेला साबुदाणा वाया घालवायचा नाही म्हणून बटाटे उकडायला ठेवले. अर्धा तास झाला, कच्चेच. पाऊण तास, कच्चेच. दोन्या एमिलियाना दारात उभ्या राहून बघत होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या उंचीवर पाणी नव्वद-एक्याण्णव डिग्रीलाच उकळतं. उंचीप्रमाणे मशीनचा दाब किती वाढवायचा याचा तक्ता माझा मीच बनवलाय, पण तीच गोष्ट बटाट्याला लागू होते हे सुचायला पाऊण तास लागला. माझ्या हातून बटाटा उकडला गेला तो आयुष्यात काल पहिल्यांदा. तू हसशील. हसलीस तर कळव.

शेंगदाणे भाजले, ते करपले. सालं काढताना नखं दुखली. त्याचं कूट करायचं तर मिक्सर नाही, पाट्यावर घेतलं तर त्याचा गोळा झाला. जेवायला तीन वाजले. हा सगळा खटाटोप तू सकाळी साडेसहाच्या आत कसा उरकायचीस? लॅबमध्ये आठला पोचायचं असायचं ना तुला?

साबुदाण्याच्या पाण्याचं अजून कळवलं नाहीस. पत्राला दोन आठवडे लागतात, हे मला माहीत आहे. तरी.

गिरीश


१७ मे १९८८

शैला,

माझा सोमवार मोडला. मॅट्रिकच्या वर्षी धरला होता, आईने सांगितलं म्हणून. एकदाही मोडला नव्हता. काल मोडला, तोही बैलाच्या हाडावर.

झालं असं. इथे जे पिकतं ते सगळं आपल्या उपासाचं आहे. बटाटा तर इतक्या रंगांचा की मी मोजायचं सोडून दिलं. रताळी आहेत. शेंगदाणे आहेत. राजगिरा आहे, त्याच्या वड्यासुद्धा मिळतात! आणि ज्याचा साबुदाणा करतात तो कंद बाजारात ढिगाने पडलेला असतो, सोलून उकडून खातात. एकोणीस वर्षं तू मला जे फराळाचं म्हणून वाढलंस ते या लोकांचं रोजचं जेवण आहे. मला वाटलं, मग तर आपण घरीच आलो. आता कुणाची मिनतवारी नको.

काल दुपारी मोठ्या बाजारात गेलो, ट्रुफीतून योग्य जागी ओरडून उतरलो, त्याच आनंदात होतो. एका बाकड्यावर बाई सूप वाढत होती. पांढरं, दाट, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या. मी स्पॅनिश वाक्यांच्या पुस्तकात बघून विचारलं, हे काय? शेंगदाणे, ती म्हणाली. दाण्याची आमटी! मी बसलोच. दोन वाडगे घेतले. काय सांगू, तुझ्या आमटीच्या जवळपास जाणारी चव होती, फक्त थोडी जास्त दाट. दुसऱ्या वाडग्याच्या तळाशी चमचा अडला. मी तो वर काढला. हाड.

मी उभा राहून ओरडलो. मराठीत ओरडलो असेन, मला आठवत नाही. ती बाई घाबरली, तिला वाटलं मला मांस कमी पडलं, म्हणून तिने आणखी एक तुकडा आणून माझ्या वाडग्यात घातला. बाजूचे हसायला लागले. मी तिथून निघालो तो चुकीच्या ट्रुफीत बसलो आणि पुन्हा कोंबड्यांच्या बाजारात.

तू असतीस तर नुसत्या वासावरून सांगितलं असतंस. राग आला मला तुझा, खरं सांगतो. माणसाने एकोणीस वर्षं सगळं आयतं हातात द्यायचं आणि मग एक दिवस निघून जायचं!

परत आल्यावर काही खाल्लं नाही. पडून राहिलो. पडल्या पडल्या एक प्रश्न आला आणि तो जाईना. सोमवारी तू काय खायचीस? मला खिचडी, शिल्पाला शाळेचा डबा. तुझा उपास नव्हता. मग तू काय खायचीस? मला एकही सोमवार आठवत नाही की तुझं ताट डोळ्यांसमोर यावं.

गिरीश


२७ मे १९८८, शुक्रवार

शैला,

आज इथे मातृदिन आहे. इंग्लंडचा केव्हाच होऊन गेला, यांचा आज. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या टेकडीवर गावातल्या बायका सैन्याशी लढल्या होत्या, त्यांच्या आठवणीसाठी. मिरवणुका, बँड, रस्ते बंद. पेटारे काल रात्री गावाच्या वेशीवर पोचलेत आणि आज ट्रक आत येऊ शकत नाही. मी आता चिडतसुद्धा नाही. चिडतो, पण आवाज न करता.

चालत हॉस्पिटलात गेलो. जो भेटेल तो हात मिळवून विचारतो, तुमची आई? मी सांगतो, नाही, चौदा वर्षं झाली. मग विचारतात, बायकोची आई?

चार जणांनी विचारलं. चौघांना मी म्हणालो, ठीक आहेत. मला त्यांच्या भाषेत दुसरं येत नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. पण "वारल्या" हा शब्द पुस्तकात आहे. पान सत्तावीस.

रविवारी मी शिल्पाला फोन केला होता, साउथहॅम्प्टनला, तिच्या होस्टेलवर. इथल्या टेलिफोन कचेरीत तासभर रांगेत उभा राहून. आई कशी आहे विचारलं. शी इज ओके, म्हणाली. मी म्हटलं, इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून कुणी घर सोडतं का? तर म्हणाली, "बाबा, प्लीज. आजी गेला होता. आजी गेला आणि तुम्ही साबुदाणा विचारलं. हू डज दॅट?"

मी म्हणालो, गेला नाही, आजी गेली होती म्हण.

तिने फोन ठेवला.

तेव्हापासून पाच दिवस हे पत्र लिहायचं टाळतोय. आधीच्या पत्रांत मी "एवढ्याशा साबुदाण्यावरून" असं लिहिलं. ते तू वाचलं असशील, किंवा फाडलं असशील. आता नीट लिहितो, जसं झालं तसं.

फेब्रुवारीतला रविवार. तुला लॅबमध्ये ड्युटी होती. साताऱ्याहून फोन तिथेच आला. तू सहाच्या सुमाराला घरी आलीस, कोट अंगात, पर्स खांद्याला. मी टीव्हीसमोर होतो. तू म्हणालीस, "अहो, आई गेली." मी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला नाही, कमी केला. अरेरे, म्हणालो. बरेच दिवस आजारी होत्या, सुटल्या, असंही म्हणालो. तू तिथेच उभी होतीस. माझं पुढे काही बोलायचं राहिलंय, असं तुझ्या चेहऱ्यावर होतं. आणि मी म्हणालो, "मग उद्याचा साबुदाणा भिजवायचा राहिला असेल ना?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, यशोधनला नाही, शिल्पालाही नाही: तू स्वयंपाकघरात गेलीस आणि कोट न काढता साबुदाणा भिजवलास. मला नळाचा आवाज ऐकू आला. सोमवारी सकाळी खिचडी केलीस. मी ती खाल्ली. चांगली झाली होती. संध्याकाळी कामावरून आलो तर तू वॉटफर्डला गेली होतीस.

ही गोष्ट बाहेर बँड वाजत असताना लिहितोय, बरं झालं. मला शांततेत लिहिता आली नसती.

गिरीश


३१ मे १९८८

शैला,

काल माझा इथला शेवटचा सोमवार. शनिवारी पेटारे आत आले, रविवारी आठ माणसांनी मशीन जागेवर चढवलं, काल सकाळी वाफ सोडली. दाब बरोबर, एकही गळती नाही. साडेबाराला घरी निघालो. ट्रुफीत बसलो, कोपऱ्यावर ओरडलो, उतरलो.

मागच्या सोमवारपासून एक पद्धत बसली होती. मी सोमवारी दुसरं काही खात नाही हे दोन्या एमिलियानांना कळलं, तेव्हापासून त्या सकाळीच माझे बटाटे आणि रताळी उकडायला ठेवतात. मी एक वाक्य पाठ केलंय, "बटाटे झाले का?" माझे उच्चार ऐकून त्यांना हसू येतं, म्हणून मी दारातून आत येता येताच म्हणतो.

काल तसंच म्हटलं. मग बघितलं. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, बाहेर जायचा कोट अंगात, पर्स मांडीवर. शेगडी थंड. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या उठल्या. कोट न काढता. पातेलं नळाखाली धरलं, शेगडीवर ठेवलं आणि काडेपेटी हातात घेतली.

शैला, काय झालंय हे विचारायच्या आधीच मला सगळं कळलं. त्या नळाचा आवाज मी ओळखला.

मी काडेपेटी घ्यायला पुढे झालो, पण माझ्याआधी शेजारची बाई आत आली. हातात फडक्याने धरलेलं मोठं पातेलं. तिने ते ठेवलं, दोन्या एमिलियानांच्या हातातून काडेपेटी काढून घेतली, त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. मागून दुसरी आली, पाव घेऊन. तिसरी नुसतीच आली. ओरुरो नावाच्या गावात त्यांची बहीण सकाळी वारली होती.

आपल्याकडेही असंच नाही का? माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवू देत नाहीत, शेजारी पिठलं-भात करून आणतात. माझे वडील गेले तेव्हा जोशीकाकूंनी आणलेलं पिठलं मला अजून आठवतंय. हे मला माहीत होतं. साताऱ्याला तुझ्या घरी कुणीतरी आणलंच असेल. पण तू बर्मिंगहॅमला होतीस, आपल्या गल्लीत कोण आणणार होतं? शेजारी म्हणून, नातेवाईक म्हणून, जो कोण होता तो मीच होतो. पिठलं मी करायचं होतं. येत नव्हतं, तर पाव आणायचा होता.

शेजारणीने सूप वाढलं. तेच, दाण्याचं, पांढरं. दोन्या एमिलियाना चमचा उचलेनात. तिने एक वाडगा माझ्यापुढेही ठेवला आणि मला खूण केली, तुम्ही खा म्हणजे त्या खातील. तळाशी हाड आहे हे मला माहीत होतं. सोमवार आहे हेही माहीत होतं. मी खाल्लं. मग त्यांनी खाल्लं. हाड मी बाजूला ठेवलं.

ओरुरोची बस चारला होती. मी त्यांची पेटी घेतली आणि त्यांना स्टँडवर पोचवलं, कुठली ट्रुफी ते मला आता कळतं. वाटेत मी पुस्तक उघडून एक वाक्य शोधलं, तुमच्या बहिणीचं नाव काय? फेलिसा, म्हणाल्या. आणि मग त्या बस सुटेपर्यंत बोलत होत्या. मला चार शब्द कळले असतील. नदी, लहान, बूट आणि पुन्हा फेलिसा. त्यांना ते पुरत होतं. मी एवढंच करायचं होतं तेव्हा, तुझ्या वेळी. एक वाक्य विचारायचं आणि गप्प बसायचं. तेही माझ्याच भाषेत.

फॉर्म सोबत आहे. सही केली आहे, तारीख घातली आहे. तुझ्या मनात जे आहे ते माझ्या सहीसाठी अडायला नको. तू परत ये असं मी म्हणत नाही, ये असं मला फार वाटतं हे मात्र लपवत नाही. घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहेच. साबुदाण्याच्या पाण्याचं कळवायची गरज नाही. माझा सोमवार आता सुटला, तो मी परत धरणार नाही.

मी शुक्रवारी निघतो. पण तिथे येऊन समोर उभा राहिलो की मला नीट जमणार नाही, म्हणून आत्ताच विचारतो. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

फोन कुणी केला होता? आई काही बोलल्या का शेवटी? तू लॅबमध्ये कुठे उभी होतीस, जवळ कुणी होतं का? घरी बसने आलीस की चालत?

आणि शैला, त्या दिवशी तू काही खाल्लं होतंस का?

गिरीश